जांभळीच्या दोन कांड्या

नंदिनी सुतारला ओळखायचं तर आधी तिचे केस ओळखावे लागतात. कुरळे, दाट, आणि इतके हट्टी की तेलाची अख्खी बाटली ओतली तरी बसायचे नाहीत. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका बोळात तिचं घर विचारलं तर "कुरळ्या केसांच्या बाई व्हय?" असा उलट प्रश्न येतो आणि मग कुणीतरी बोट दाखवतं. तळमजल्यावर दोन खोल्या. पुढच्या खोलीत सतरा वर्षं चाललेला बालवर्ग, मागच्या खोलीत ती एकटी. वय बेचाळीस. लग्न झालं नाही, आणि त्याचं दुःख बोळाला जेवढं आहे तेवढं तिला स्वतःला कधी वाटलं नाही.

या केसांवरून आईशी तिचं कायम वाजायचं. आई विंचरून झालं की फणीतले केस काढायची, बोटाला गुंडाळायची, त्यावर थू थू करायची आणि चुलीत टाकायची. "केस वाऱ्यावर सोडू नये बाई. कुणाच्या हातात पडंल, कोण काय करंल." नंदिनी मुद्दाम आईसमोर आपले केस खिडकीतून भिरकावून द्यायची. "चिमण्यांना घरट्याला हुतील की," म्हणायची. आई गेली तरी तिची ही सवय गेली नाही. रोज सकाळी फणी झटकायची ती खिडकीतूनच.

वडील, अण्णा, हाडाचे सुतार. पटाश्या, रंधे, कानशी, सगळं एका पत्र्याच्या ट्रंकेत. अण्णांचा एक नियम होता. आपल्या हातोडीचा दांडा आपण बसवायचा नाही. तो त्यांचे मित्र गणपतराव बसवायचे, आणि गणपतरावांच्या हातोडीला अण्णा. "आपलं आपण करताना माणूस चूक झाकतंय," अण्णा सांगायचे, "दोस्तासाठी करताना झाकत न्हाय." गणपतरावांनी बसवलेला दांडा तीस वर्षांत तसूभरही हलला नव्हता. पोरगी म्हणून नंदिनीला सुतारकी कुणी शिकवली नाही, पण ती ट्रंकेशेजारी बसून सगळं शिकली.

अण्णा गेले आणि घर एकदम गप्प झालं. पोरं दुपारी बाराला घरी जायची, त्यानंतरचा दिवस तिच्या अंगावर यायचा. अशाच एका दुपारी मोबाईलवर बघता बघता तिला ती परदेशी बाई सापडली. झोपडीवजा घर, हातात काठी, समोर लोखंडी भांडं. ती स्वतःला उघड उघड चेटकीण म्हणवून घेत होती, आणि तेही भाजीवाल्या बाईनं भाजीवाली म्हणावं इतक्या सहज. तिच्या देशात म्हणे बायका अशा बसतात, चंद्राची तिथी बघतात, मेणबत्ती लावतात आणि मनातली भीती कागदावर लिहून जाळतात. नंदिनी हसून पुढं सरकणार होती. तेवढ्यात ती बाई म्हणाली, की साधनं विकत घेऊ नका, घरात जे आहे त्यातून स्वतःच्या हातानं करा. सुताराच्या लेकीला एवढं पुरे झालं.

मग जे काही सुरू झालं त्याला तोड नव्हती. परदेशी बाईचं ते पोटफुगं भांडं कुठून आणायचं? फोडणीचं कढलं घेतलं. काळ्या मुठीची सुरी हवी, आणि तिनं काहीही कापायचं नाही, अशी अट होती. नंदिनीनं टोक मोडलेली भाजीची सुरी कानशीनं बोथट केली आणि मूठ काजळी व खोबरेलात घोळवून काळी केली. पेल्याच्या जागी आईचं फुलपात्र. पाय मोडलेल्या पोळपाटावर तापलेल्या सळईनं पाच टोकांची चांदणी डागली. धुरासाठी कुठला तरी विलायती पाला सांगितला होता, तिनं कडुनिंब वाळवला. मेणबत्त्या बालवर्गातल्या वाढदिवसांच्या, उरलेल्या. राहिला झाडू. तो कोपऱ्यात उभा करायचा आणि त्याला मान द्यायचा, असं ती बाई मोठा शोध लागल्यासारखं सांगत होती. नंदिनीला हसू आलं. केरसुणीला पाय लागला की आई तिला नमस्कार करायला लावायची, त्याला कुणी शोध म्हटलं नव्हतं.

दर शनिवारी दुपारी पोरं गेली की ती दार ओढून पंधरा मिनिटं बसायची. मागायची तरी काय, उद्या पोरांवर ओरडायला नको, अण्णांची आठवण आली की छातीत दुखायला नको. एवढंच. आणि खरंच बरं वाटायचं. पण हे बोलायचं कुणाला? कोल्हापुरात असल्या गोष्टीला छंद कुणी म्हणत नाही. इथं त्याला एकच शब्द आहे, करणी, आणि तो ऐकला की बायका पोराला जवळ ओढतात.

बोलायला मिळाली ती इरावती. गारगोटीची लेक, दोन घरं सोडून दिलेली. खाली ब्लाउजपीस, अस्तर आणि दोऱ्यांचं मॅचिंग सेंटर, वर घर, आणि दोन्हीकडं राज्य सासूचं. बनाबाईंनी सांगितल्याशिवाय त्या घरात डाळीला फोडणी बसत नव्हती. नवरा विश्वजित गरीब गाय. इरावती नंदिनीपेक्षा सहा वर्षांनी लहान, तिला नंदाक्का म्हणायची, आणि दुपारी दुकान बंद असताना काहीतरी निमित्त काढून यायची. एका शनिवारी ती न सांगता आली, आणि पोळपाटावरची चांदणी, कढल्यातला धूर, सगळं बघून दारातच थिजली.

"हे काय करालाय, नंदाक्का?"

नंदिनीनं खरं ते सांगितलं. इरावती चप्पल काढून शेजारी येऊन बसली. "मला पण शिकवा की. त्या घरात माझं म्हणून काय सुदिक न्हाय." नंदिनीला त्या दिवशी इतका आनंद झाला की तिनं संध्याकाळी एकटीसाठी शिरा केला. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या गुपितात कुणी वाटेकरी आलं होतं. दोघी त्याला "आपलं ते" म्हणायच्या. "शनिवारी आपलं ते करायचं न्हवं?" असं इरावती भर बोळात विचारायची आणि दोघी गालात हसायच्या.

कांडी, म्हणजे त्या बाईच्या हातातली काठी, मात्र अजून झाली नव्हती. परदेशी बाईच्या मते ती जिची तिनं करायची. इथं नंदिनीनं आपलं डोकं चालवलं. अण्णांचा दांड्याचा नियम तिनं इथं लावला. तुझी कांडी मी करणार, माझी तू. श्रावणात दोघी एसटीनं गगनबावड्याला गेल्या, साळवणला बहिणीकडं जाते असं इरावतीनं घरी खोटं सांगून. घाटमाथ्यावर पाऊस कोसळत होता, छत्री उलटी होत होती, आणि दोघी चिखलात एका जांभळीखाली पडलेली फांदी शोधत होत्या. जिवंत झाडाची तोडायची नव्हती. एक बोटभर जाड, हातभर लांब डहाळी मिळाली, वाऱ्यानं मोडलेली. तिचे दोन तुकडे केले.

कांड्या नंदिनीच्या पुढच्या खोलीत तयार झाल्या, पोरांच्या चित्रांखाली बसून. नंदिनीनं इरावतीच्या हातात पटाशी दिली, साल कशी सोलायची, काच कागद कसा फिरवायचा ते दाखवलं. मग तिनं दुसरा नियम काढला. मुठीजवळ खाच करायची, त्यात प्रत्येकीनं आपला एक केस ठेवायचा आणि वरून लाल दोरा घट्ट गुंडाळायचा. म्हणजे इरावतीच्या कांडीत नंदिनीचा केस, नंदिनीच्या कांडीत इरावतीचा. आणि केस ठेवताना दुसरीनं पाठ करून बसायचं, बघायचं नाही. विश्वास तो विश्वास.

आता केस, लाल दोरा आणि काठी. कोल्हापुरातल्या शेंबड्या पोरालाही विचारलं असतं तर ते म्हणालं असतं, बाई, हे काय करताय? नंदिनीला कळत नव्हतं असं नाही. पण आपण ज्या अर्थानं करतो तोच त्याचा अर्थ, असा तिचा आगाऊपणा होता. तिनं आपला एक लांब कुरळा केस उपटला, खाचेत नीट वेटोळा करून ठेवला आणि दोरा आवळला. पाठीमागं इरावतीचंही काम चाललं होतं. "झालं, नंदाक्का," ती म्हणाली. दोघींनी कांड्या एकमेकींच्या हातात दिल्या. नंदिनीचे डोळे भरून आले होते आणि तिनं ते लपवले नाहीत.

त्याला चार वर्षं झाली. दर खंडेनवमीला नंदिनी अण्णांची हत्यारं पुजायची, पाटावर पटाश्या, रंधा, गणपतरावांच्या दांड्याची हातोडी, आणि शेवटी इरावतीनं केलेली कांडी. दोस्तानं केलेल्या दोन वस्तू शेजारी शेजारी. झेंडूचं पहिलं फूल ती कांडीला वाहायची.

यंदा घट बसायच्या आधी सगळ्या बोळानं धुणं काढलं. वाकळा, चादरी, गाद्यांचे अभ्रे, काही म्हणून ठेवायचं नसतं. सुनेच्या खोलीतली गादी एरवी सूनच काढायची, यंदा बनाबाईंनी उलटली आणि अभ्र्यातून कांडी खाली पडली. दोरा त्यांनी तिथंच उलगडला. आत केस. लांब, कुरळा. अख्ख्या पेठेत तसा केस एकाच डोक्यावर आहे हे सांगायला कुणा जाणत्याची गरज नव्हती, तरी बनाबाई एकाकडं जाऊन आल्या, आणि त्यानंही बाईमाणसाचंच काम आहे म्हणून सांगितलं. गेलं वर्षभर त्यांचे गुडघे धरले होते, दुकानाला गिऱ्हाईक नव्हतं. सगळ्याचं कारण सापडलं.

सुनेला विचारलं तेव्हा सून म्हणाली, "मला काय ठाऊक? नंदाक्काच येतात जातात आपल्याकडं."

हे नंदिनीला कळलं ते आठ दिवसांनी. आधी फक्त पोरं कमी झाली. एकाला खोकला, एकीला मामाच्या गावाला नेलं, एकाला दुसरीकडं घातलं. कुणी भांडलं नाही, कुणी तोंडावर काही बोललं नाही. बायका समोरून आल्या की हसायच्या आणि पोराला पलीकडच्या हाताला घ्यायच्या. अकरातली तीन राहिली. त्यातली एक अरीबा. तिची आई सलमा, मागच्या गल्लीतली, शिलाईचं काम करणारी, पोटात काही न ठेवणारी बाई. तिनंच दारात उभं राहून विचारलं.

"बाई, तुमी बनाबाईच्या सुनंवर करणी केली म्हणत्यात. खरं हाय का?"

नंदिनीनं सलमाला आत बसवून सगळं सांगितलं, कढल्यापासून कांडीपर्यंत. सलमानं तोंडाला हात लावला, कढल्याकडं बघितलं, मग म्हणाली, "येडपट हाय तुमी. पर वाईट न्हाय. मग त्या इरावतीला खरं बोलायला सांगा की. तोंड न्हाय व्हय तिला?"

"बोलंल ती," नंदिनी म्हणाली. "सासूच्या धाकात हाय बिचारी. सवड मिळाली की बोलंल."

सवड काही मिळेना. नंदिनीनं मेसेज केले. वाचल्याच्या दोन निळ्या खुणा उमटायच्या, उत्तर यायचं नाही. मंडईत एकदा समोरासमोर आल्या. नंदिनी "इरा" म्हणेपर्यंत इरावतीनं अर्धवट घेतलेली मेथी टोपलीत टाकली आणि पाठ फिरवली. त्या दिवशी नंदिनी घरी येऊन रडली. राग आला होता, पण त्याहून जास्त लाज वाटत होती, भर मंडईत आपल्याला टाकून दिल्याची. तरी मन इरावतीचीच बाजू घेत होतं. ती घाबरली आहे. तिला आधार दिला की ती बोलेल. आणि नसेल बोलत तर आपल्या हातात पुरावा आहे. आपल्या कांडीत तिचा केस आहे. सरळ, पिंगट. तो कुणीही ओळखेल.

खंडेनवमीला सकाळी तिनं अण्णांची हत्यारं पाटावर मांडली, पण कांडी मांडली नाही. ती पदराखाली धरून दोन घरं ओलांडून मॅचिंग सेंटरमध्ये गेली. दुकानातही पूजाच चालली होती. कात्र्या, कापड मोजायचा गज आणि दोन शिलाई मशिनी, सगळ्यांना हळदीकुंकू. बनाबाई पाटावर बसलेल्या, इरावती तबक धरून मागं उभी. विश्वजित तिला बघून मशिनीमागं सरकला.

"काय गं?" बनाबाई म्हणाल्या. "पूजंच्या येळंला?"

"एकदाच बोलते मावशी, आणि जाते. तुमच्या गादीत मिळाली ती कांडी मीच केली. इराला ठाऊक हुतं. दोघींनी मिळून केल्या. ही माझी, इरानं केलेली." तिनं कांडी पुढं केली. "तिच्यात माझा केस, माझ्यात तिचा. करणी करणारी बाई आपला केस दुसरीच्या हातात देती व्हय? उघडा. उघडून बघा."

"नको, आत्याबाई," इरावती एकदम म्हणाली.

नंदिनीला वाटलं, आता ती बोलणार. पण इरावतीनं मान खाली घातली.

बनाबाईंनी कांडी घेतली. लाल दोरा उलगडायला त्यांना वेळ लागला, चार वर्षांत तो घट्ट बसला होता. खाचेतून काळं वेटोळं निघालं. त्यांनी ते उजेडात धरलं, बोटाला गुंडाळलं, दोन्ही हातांनी ताणलं. तुटलं नाही. पन्नास वर्षं दोरे विकलेल्या बाईला आणखी काही करावं लागलं नाही.

"ह्यो केस न्हाय," त्या म्हणाल्या. "शिवणीचा दोरा हाय. आपल्या दुकानातला."

बनाबाईंनी सुनेकडं बघितलं आणि त्यांना सगळं कळलं, कांडी कुणी केली, कोण खोटं बोललं, सगळं. नंदिनी मात्र त्यांच्याकडं बघतच नव्हती.

"इरा," ती म्हणाली, "दोरा का गं?"

इरावती रडायला लागली. "मोकळं ठेवलं असतं तर हाताला कळलं असतं तुमच्या. म्हणून दोरा घातला."

"पर केस का न्हाय घातलास?"

"भ्या वाटलं हुतं, नंदाक्का." तिनं पदरानं तोंड पुसलं. "माझा केस तुमच्या हातात. उद्या काय बिनसलं, आणि तुमी काय केलं असतं तर?"

म्हणजे पहिल्या दिवसापासून. गगनबावड्याचा पाऊस, जांभळीखालचा चिखल, पाठमोरं बसून "झालं, नंदाक्का" म्हणणं, चार वर्षांचे सगळे शनिवार, आणि या सगळ्यात शेजारी बसलेली बाई तिला घाबरत होती. बोळ आज जे म्हणत होता ते इरावतीनं चार वर्षांपूर्वीच मानलं होतं.

बनाबाईंनी तो काळा दोरा कमरेच्या पिशवीत खोचला. आवाज पहिल्यापेक्षा मऊ झाला होता. "जा पोरी तू घरला. तुझ्या हातनं काय वाईट झालं न्हाय, कळलं मला. पर ह्या घरातली गोष्ट ह्या घरातच ऱ्हाऊ दे. सून हाय ती माझी."

"आणि माझी पोरं? त्यांच्या आयांना कोण सांगणार?"

बनाबाई पूजेकडं वळल्या. नंदिनीनं हात पुढं केला.

"माझा केस तरी द्या."

"त्यो कवाच जाळला," बनाबाई गजाला कुंकू लावत म्हणाल्या.

कांडी तिनं तिथंच दुकानात राहू दिली आणि ती घरी आली. पाटावर अण्णांची हत्यारं तशीच मांडलेली होती. तिनं प्रत्येकाला फूल वाहिलं. हातोडी उचलून सवयीनं दांडा हलवून बघितला. पक्का होता. तेव्हा कुठं तिला रडू आलं, आणि ती पाटासमोरच बसून मोठ्यानं रडली. थोड्या वेळानं सलमा अरीबाच्या हातून शेवयांची खीर घेऊन आली, काय झालं ते ऐकून तिनं इरावतीला चार ठेवणीतल्या शिव्या हासडल्या, आणि दसरा झाला की शेजारच्या दोन पोरांनाही घेऊन येते म्हणाली. नंदिनीनं मान हलवली. खीर तिला जाईना.

त्या गेल्यावर तिनं तोंड धुतलं आणि केस विंचरायला घेतले. नेहमीसारखे फणीत पाच-सहा अडकले. तिनं ते काढले आणि खिडकीपाशी गेली. बाहेर बोळात दोघी-तिघी बायका झेंडूच्या माळा ओवत बसल्या होत्या. एकीनं मान वर करून तिच्याकडं बघितलं.

नंदिनीनं हात मागं घेतला. केस बोटाला गुंडाळले, त्यावर हळूच थू थू केलं, आणि ओट्यापाशी जाऊन गॅस पेटवून सगळे जळेपर्यंत तिथंच उभी राहिली.